क्वीन्सलँडमार्गे टार्निट

ॲडलेडहून मेलबर्नला गाडीने जायला आठ-नऊ तास लागतात. मला नऊ महिने लागले, आणि तेही क्वीन्सलँडमार्गे. क्वीन्सलँड वाटेत येत नाही. नकाशात ते पार वर उजव्या कोपऱ्यात आहे आणि मी तिथे आजतागायत पाऊल टाकलेलं नाही. तरीही कागदोपत्री मी क्वीन्सलँडची नोंदणीकृत इंजिनिअर आहे, आणि हे कसं झालं ते कुणाला सांगायला लागले की दोन मिनिटांत माझा आवाज चढतो.

करोनाच्या दुसऱ्या वर्षी जानेवारीत नवऱ्याला मेलबर्नमध्ये नोकरी मिळाली. मुलीची शाळा तेव्हाच सुरू व्हायची होती, म्हणून ती दोघं पुढे गेली आणि मेलबर्नच्या टोकाला, टार्निटला भाड्याचं घर घेऊन राहिली. मी ॲडलेडमध्ये मागे राहिले, कारण तिघांचाही व्हिसा माझ्या नोकरीला बांधलेला होता. नोकरी सोडली तर ठरावीक दिवसांत दुसरी कंपनी शोधायची, नाहीतर तिघांनी बॅगा भरायच्या. मोठं घर सोडून मी मॉसन लेक्सला, जिथे शिकले त्या युनीजवळ, एका खोलीत आले. ईस्टरपर्यंतचा तर प्रश्न आहे, असं आम्ही एकमेकांना सांगत होतो.

मेलबर्नची एक कंपनी मला घ्यायला तयार होती, व्हिसासकट. पण व्हिक्टोरियात, म्हणजे मेलबर्नच्या राज्यात, नवा कायदा येत होता. इमारतींचं आणि पुलांचं डिझाइन करणाऱ्या इंजिनिअरची राज्याकडे नोंदणी हवी. कंपनीतल्या बाईंनी फार गोड आवाजात सांगितलं, की नोंदणी झाली की लगेच या, नो वरीज. वरी करायचं काम अर्थातच माझ्या वाट्याला आलं होतं.

सिडनीला, वेंटवर्थव्हिलमध्ये माझी एक मैत्रीण राहते. पुण्याच्या कॉलेजात ती माझ्यापुढे दोन वर्षं होती आणि इथे येऊन तिने हे सगळं आधीच पार पाडलं होतं. तिने मला मार्ग सांगितला. व्हिक्टोरियाचं नवं कार्यालय अजून खुर्च्या मांडतंय, तिथे रांग लावू नकोस. क्वीन्सलँडमध्ये ही पद्धत जुनी आहे. तिथली परीक्षा देऊन त्यांची नोंदणी मिळव. मग एका राज्याची नोंदणी दुसऱ्या राज्याने मान्य करायची असा नियम आहे, त्याखाली ती व्हिक्टोरियात बदलून घे. म्हणजे ॲडलेडमध्ये बसलेल्या बाईने मेलबर्नला जाण्यासाठी क्वीन्सलँडच्या राजधानीत, ब्रिस्बेनला अर्ज करायचा. मी तिला दोनदा विचारलं, थट्टा करतेयस का. ती करत नव्हती.

वर तिचं असंही म्हणणं होतं, की मी वर्षभर थांबावं. पाच वर्षांचा अनुभव लागतो. माझी पुण्यातली चार आणि ॲडलेडमधली दोन मिळून सहा होत होती, पण पुण्याच्या वर्षांना परीक्षक निम्माच भाव देतात, अशी तिच्या अख्ख्या ग्रुपची तक्रार होती. भर उन्हात उभं राहून ओतून घेतलेलं पुण्याचं काँक्रीट इथे येईपर्यंत निम्मं कसं होतं, हे मला कुणी समजावून सांगितलं नाही. तरी नियमात एक फट होती. काम दाखवता आलं तर वर्षं कमी असली तरी परीक्षेला बसता येत होतं. मी बसायचं ठरवलं. थांबणं म्हणजे मुलीचं शाळेचं पहिलं वर्ष फोनच्या स्क्रीनवर बघणं, आणि तेवढा धीर माझ्यात नव्हता.

परीक्षेची मला कधी भीती वाटलेली नाही. दहावी, बारावी, इंजिनिअरिंगची आठ सेमिस्टर्स, आणि व्हिसापायी तीनदा दिलेली इंग्रजीची परीक्षा, कारण मध्ये दोन वर्षं गेली की मला इंग्रजी येतं यावरचा सरकारचा विश्वास उडतो. अभ्यासक्रम सांगा, मागच्या पाच वर्षांचे पेपर द्या आणि बाजूला व्हा, अशी आमची तयारी. पण या परीक्षेला पेपरच नव्हता. आपण केलेल्या कामाविषयी वीसेक पानं लिहायची, दोन वरिष्ठांनी ते खरं असल्याचं परीक्षकांना परस्पर कळवायचं, आणि मग दोन परीक्षकांशी स्क्रीनवर तासभर बोलायचं. कशाविषयी, तर तुमच्या कामाविषयी. काय वाचून जायचं, तर काहीच नाही. मी मैत्रिणीला म्हटलं, ही परीक्षा आहे की मुलगी बघायचा कार्यक्रम?

वीस पानं लिहून मी तिला दाखवली. तिने ती तशीच परत पाठवली. सगळीकडे आम्ही केलं, आमच्या टीमने ठरवलं, असं लिहिलं होतं. यातलं तू काय केलंस, एवढंच तिने विचारलं होतं. मला राग आला. चार माणसांनी मिळून केलेल्या कामात मी मी करत फिरायचं हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं, आणि जो करायचा त्याला ऑफिसात मागून काय म्हणत ते मला चांगलं ठाऊक होतं. तरी मी पंधरा रात्री बसून आम्हीचं मी केलं. वाचताना ते दुसऱ्याच कुणा आगाऊ बाईने लिहिल्यासारखं वाटत होतं.

दोन वरिष्ठांपैकी एक ॲडलेडचा माझा मॅनेजर. त्याने चार ओळी लिहून विषय संपवला. दुसरे पुण्याचे सर. टिळक रोडवरच्या त्यांच्या ऑफिसात मी कॉलेजातून थेट लागले होते आणि चार वर्षं काढली होती. एप्रिलच्या लाटेत ते अकरा दिवस ऑक्सिजनवर होते. घरी येऊन महिनाही झाला नव्हता, आणि फोनवर एक वाक्य दोन श्वासांत होत होतं. त्यांच्याकडे काही मागायची मला लाज वाटत होती, पण तेच खूश झाले. आपली मुलगी ऑस्ट्रेलियात परीक्षा देतेय म्हणाले, पत्र असं लिहितो की बघतच राहतील. मी म्हटलं, साधंच लिहा. ते म्हणाले, ते माझ्यावर सोड. मी सोडलं.

मुलाखतीच्या दिवशी मी राहायचे त्या युनिटच्या, म्हणजे फ्लॅटच्या, आवारात पाचोळा उडवायचं यंत्र घेऊन एक माणूस नेमका माझ्या खिडकीखाली आला. स्क्रीनवर एक वयस्क बाई आणि एक टक्कल पडलेले गृहस्थ, दोघंही क्वीन्सलँडमध्ये आपापल्या घरी. माणसं सभ्य होती. आधी हवापाणी झालं. मग बाईंनी चष्मा वर करून एक कागद वाचला. माझ्या सरांनी लिहिलं होतं, की ही उत्तम चारित्र्याची, मेहनती आणि मोठ्यांचा मान राखणारी मुलगी असून तिने एकटीने अकरा उड्डाणपुलांचं डिझाइन केलं आहे. बाईंनी विचारलं, तेव्हा तुमचं वय काय होतं?

चोवीस, मी म्हटलं. मग सांगावं लागलं, की एकटीने नाही, आणि अकराही नाही. दोन पुलांच्या ड्रॉइंगवर मी काम केलं होतं, सळयांचे तक्ते तपासले होते. गृहस्थांनी विचारलं, मग पत्रात असं का? मी म्हटलं, सर प्रेमळ आहेत. त्यांनी ते लिहून घेतलं. खिडकीखालचं यंत्र जोरात सुरू झालं आणि मी काय म्हणाले ते मला परत एकदा ओरडून सांगावं लागलं, सर प्रेमळ आहेत.

मग बाईंनी विचारलं, की वरिष्ठांच्या डिझाइनमधली चूक तुमच्या लक्षात आली आणि तुम्ही ती बोलून दाखवली, असा एखादा प्रसंग सांगा.

मी म्हटलं, असं कधी झालं नाही.

हे खोटं होतं. पण बोलताना मला ते खोटं वाटलंसुद्धा नाही, इतकं ते सहज तोंडातून गेलं. ज्या माणसाने पहिली नोकरी दिली त्याच्या चुका दोन परक्या माणसांना सांगायच्या, तोही माणूस नुकता मरता मरता वाचलेला, हे माझ्या डोक्यात शिरायलाच तयार नव्हतं. उलट आपण फार शोभेसं उत्तर दिलं, असंच मला वाटलं. दहा दिवसांनी ईमेल आलं. स्वतंत्र निर्णयक्षमतेचा पुरेसा पुरावा दिसत नाही, आणि एका वरिष्ठांचं पत्र उमेदवाराच्या सांगण्याशी जुळत नाही, सबब निर्णय राखून ठेवला आहे. सहा आठवड्यांत नवीन पुरावा दिला नाही तर अर्ज रद्द समजावा.

मैत्रीण फोनवर म्हणाली, तरी मी सांगत होते. हे वाक्य बोलणाऱ्या माणसाला शिक्षा व्हावी असा कायदा कुठल्याच राज्यात कसा नाही, कळत नाही. तेवढ्यात मेलबर्न परत बंद झालं आणि ॲडलेडनेही सीमा लावून घेतली. टार्निटला जाता आलं असतं, पण परत येता आलं नसतं, आणि परत आले नाही तर नोकरी गेली. मेलबर्नच्या कंपनीने कळवलं, की जागा ऑक्टोबर संपेपर्यंतच ठेवता येईल. संध्याकाळच्या कॉलवर मुलगी ब्रश करता करता विचारायची, की मम, तुझी टेस्ट कधी संपणार. लवकरच, असं मी म्हणायचे. एके दिवशी तिने तोंडातला ब्रश काढून माझ्याकडे नीट बघितलं.

"बट यू सेड इट्स वन अवर," ती म्हणाली.

त्या शनिवारी आर्वोला, म्हणजे दुपारी, मी सरांना फोन लावला. तिकडे सकाळ होती. तब्येत विचारायची म्हणून विचारली आणि म्हटलं, सर, तुमच्या पत्राने माझं अडलंय. त्यांना आधी खरंच वाटेना. मग त्यांनी विचारलं, की आणखी एक-दोन पूल घालून देऊ का.

तिथे माझा तोल गेला. सात महिन्यांचं साचलेलं सगळं त्या बिचाऱ्यांवर निघालं. मी म्हटलं, इथे कौतुक कुणी मागितलं नव्हतं. माझ्या चारित्र्याशी यांना काही देणंघेणं नाही. माझा सत्कार नाहीये, सर, चौकशी चालली आहे. तुम्ही हार घातलात आणि मी खोटी पडले. माझी पोर तिकडे बापाच्या हाताने वेणी घालून घेते आणि मी इथे तुमचे अकरा पूल निस्तरतेय. सर मध्ये एकदा खोकले आणि मी थांबलेही नाही. आज आठवलं की कानशिलं गरम होतात.

माझं संपल्यावर त्यांनी शांतपणे विचारलं, की तुला त्यांनी नेमकं काय विचारलं होतं.

"तुमचं काही चुकलं आणि मी ते सांगितलं, असं कधी झालंय का, ते."

"मग तू काय सांगितलंस?"

"असं कधी झालं नाही म्हणून."



"आणि टाकी?" त्यांनी विचारलं.

टाकी त्यांना आठवत असेल असं मला वाटलंच नव्हतं. माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका खेड्यातल्या पाण्याच्या उंच टाकीचं काम ऑफिसात आलं होतं. आपल्याकडे एकाच नावाची दोन गावं शेजारी असतात, एक बुद्रुक आणि एक खुर्द, तसंच ते होतं. टाकी खुर्दला व्हायची होती. सरांनी पायाचं गणित केलं ते बुद्रुकच्या मातीच्या अहवालावर. दोन्ही फायली एकाच गठ्ठ्यात होत्या, आणि वरचं नाव एकच. बुद्रुकला घट्ट मुरूम. खुर्दला मी मोजणीसाठी गेले तर चिखलात माझी चप्पल रुतून बसली. काळी माती, पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी. तिच्यावर तो पाया टिकला नसता. परत आल्यावर मी दोन्ही अहवाल सरांच्या टेबलावर ठेवून तसं सांगितलं.

सर हॉलमध्ये सगळ्यांसमोर मला बोलले. तीस वर्षं मी पाये घालतोय, तू चप्पल घालून माती तपासतेस का, असं म्हणाले. कुणीतरी हसलं. मी जागेवर जाऊन बसले आणि दिवसभर मान वर केली नाही. तीन दिवसांनी ड्रॉइंग बदलून आलं, पाया खोल आणि रुंद केलेला. शेऱ्यात लिहिलं होतं, जागेच्या परिस्थितीनुसार. कोण चुकलं आणि कुणी सांगितलं, यातलं काही नव्हतं. त्यावर पुढे कुणी बोललं नाही, मीही नाही.

फोनवर मी पुटपुटले, की सर, ते कसं सांगणार मी.

"बरं, ठेव," ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

पुढचे अकरा दिवस त्यांच्याकडून काही नाही. मला वाटलं, दुखावले. मग पत्र परीक्षकांकडे गेल्याचं कळलं, आणि प्रत मला आली. दीड पान होतं. अकरा पुलांविषयी आधी लिहिलेलं चुकीचं आहे, तिने दोन पुलांच्या ड्रॉइंगवर काम केलं, अशी सुरुवात होती. पुढे टाकी. पायाचं गणित करताना मी शेजारच्या गावाचा माती अहवाल वापरला. ही चूक माझी होती. तिने जागेवर जाऊन ती पकडली आणि मला सांगितली. मी ऐकून घेतलं नाही आणि तिला सगळ्यांदेखत बोललो. तीन दिवसांनी मी स्वतः जागा पाहिली आणि पाया बदलला. बदल तिच्या सांगण्यावरून झाला, हे मी तेव्हा लिहिलं नाही. जुन्या आणि नव्या ड्रॉइंगच्या प्रती जोडल्या होत्या, तारखांसकट. माझ्या चारित्र्याविषयी एक शब्द नव्हता.

परीक्षकांनी मला परत अर्धा तास बोलावलं. या वेळी मी टाकीविषयी सगळं सांगितलं, चपलेसकट. आठवड्यात क्वीन्सलँडची नोंदणी मिळाली.

व्हिक्टोरियात बदलून घेणं म्हणजे निव्वळ फॉर्म, असं मैत्रीण म्हणाली होती. फॉर्मच होता. फक्त सगळ्या कागदांच्या प्रतींवर जस्टिस ऑफ द पीसचा शिक्का हवा होता. हे फुकट शिक्के मारून देणारे निवृत्त गृहस्थ आठवड्यातून एकदा लायब्ररीत काचेमागे बसत. माझ्या डिग्रीवर वर मराठी आणि खाली इंग्रजी. जी भाषा मला वाचता येत नाही तिच्यावर मी शिक्का मारणार नाही, म्हणाले. मी त्यांना वरच्या मराठीवर बोट ठेवून अर्थ सांगितला आणि तोच खाली इंग्रजीत दाखवला, दोनदा. पाठीमागे रांग वाढत होती. शेवटी त्यांनी शिक्का उचलला तेव्हा शाई वाळलेली निघाली, आणि मला पुढच्या आठवड्यात यायला सांगितलं. एवढं होऊनही ऑक्टोबर संपायला नऊ दिवस असताना व्हिक्टोरियाचा नोंदणी नंबर आला. सीमा ओलांडायचं परमिट काढून, गाडीत कुकर आणि दोन सूटकेसा टाकून मी निघाले. टार्निटला पोचले तेव्हा मुलगी दारात उभी होती. तिने आधी गाडीच्या मागे वाकून बघितलं, सगळं सामान आणलं आहे ना याची खात्री केली, आणि मग येऊन बिलगली. ती रात्रभर माझा हात धरून झोपली.

दिवाळीला पुण्याच्या ऑफिसातल्या टायपिस्ट ताईंचा फोन आला. बोलता बोलता त्या म्हणाल्या, तुझं पत्र मीच टाइप केलं. सर पत्रं हॉलमध्ये उभं राहूनच सांगतात, त्यात नवल नव्हतं. पण तिसऱ्या वाक्याला, ‘ही चूक माझी होती’ इथे, ताई थांबल्या होत्या. सर, हे असंच लिहू का, असं त्यांनी हळूच विचारलं. असंच लिहा, सर म्हणाले, आणि झाल्यावर मोठ्याने वाचून दाखवा. ताईंनी वाचलं. हॉलमध्ये सगळे होते, दोन नवी मुलंसुद्धा.

त्यानंतर मला तीन दिवस सरांना फोन करायचं धैर्य होईना. चौथ्या दिवशी केला. म्हटलं, त्या दिवशी मी फार बोलले, तब्येतीचाही विचार केला नाही, चुकलं माझं. ते सोड, म्हणाले. आता ड्रॉइंगवर सही कोण करतं, असं त्यांनी विचारलं. मी करते, मी म्हटलं. हाताखाली किती मुलं आहेत, तेही विचारलं. तीन, मी सांगितलं. बोलताना त्यांना श्वास अजून लागत होता.

"टाकीनंतर तू दोन वर्षं होतीस माझ्याकडे," ते म्हणाले. "एकदाही काही दाखवायला आली नाहीस. मी काय चुकायचा थांबलो होतो?"

 त्या दोन वर्षांत मी पाहिलेल्या आणि बोलून न दाखवलेल्या गोष्टी मला एकेक करून आठवत होत्या, आणि सर पलीकडे थांबून होते.